शेवटची खाच

२ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून गाडीचं काम मनावर घेतलं. हे गेल्यापासून ती शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे. कापडी टप फाटलाय, टायर बसलेत. मुलीचा फोन आला होता. म्हणाली, आई, मी मार्चअखेर येतेय. तू मला स्टेशनवर त्या गाडीतून न्यायला आलीस तर गाडी आपली. नाहीतर काका मागे लागलेत, देऊन टाकू. मी म्हटलं, येईन, आणि टप उघडून येईन.

दीर तिला आपल्या फर्निचरच्या दुकानासमोर शोभेला उभी करणार आहेत. मागच्या सीटवर उशा मांडून. मी मेले तरी देणार नाही.

यात भावनेचा प्रश्न नाही. चांगली वस्तू पडून राहू नये, एवढंच. ह्यांचे शर्ट मी पहिल्याच महिन्यात वाटून टाकले. एक ठेवलाय, गाडी पुसायला.

९ फेब्रुवारी

मिस्त्री आला. ह्यांच्या वेळचाच. बॉनेट उघडून आत डोकावला. म्हणाला, वहिनी, उंदरांनी संसार थाटलाय इथे. कार्बोरेटर खोलून घेऊन गेला. फाटक्या सीटा काढून कुशनवाल्याकडे पाठवल्या.

मी गाडी पुसली. फडक्याने. शर्टाला बटणं आहेत, रंगावर ओरखडे उठले असते.

१७ फेब्रुवारी

मी दातांच्या डॉक्टरकडे गेले होते तेवढ्यात कुशनवाला सीटा बसवून गेला. तपकिरी रेक्झिन, शिवण सरळ. संध्याकाळी ड्रायव्हरच्या जागी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चालवायला लग्नाआधी शिकले होते, पण या गाडीत मी कायम शेजारी.

पाय क्लचपर्यंत पोचेनात. सीट पार मागे. ह्यांची जागा. पाय लांब सोडून, एक कोपर दारावर टेकून बसायचे. कव्हर बदललं तरी जागा तीच राहिली.

पुढे घ्यायला सीटखाली दांडी असते. ओढली नाही. गंजली असणार.

२१ फेब्रुवारी

मिस्त्री म्हणाला, वहिनी, सीट पुढे घ्या की. मी म्हटलं, जाम आहे. म्हणाला, तेल सोडतो. मी म्हटलं, नको, नव्या रेक्झिनला डाग पडेल. म्हणाला, तेल खाली रुळाला लावतात, सीटला नाही. मी म्हटलं, चहा घेणार का? घेतला.

मिस्त्री चांगला आहे, पण बोलतो फार.

वाचनालयातून गाडीत कसं बसावं याचं पुस्तक आणलं. शाळा माझी आठवीत सुटली, पण पुस्तक हाती लागलं की मी शेवटपर्यंत सोडत नाही. त्यात लिहिलंय, क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला असावा. मी क्लच दाबायला गेले की सबंध मीच सीटवरून खाली घसरते. गुडघ्याचं काय झालं ते दिसत नाही.

निश्चय: सीट जागेवर राहील. मी पुढे येईन.

२८ फेब्रुवारी

पाठीमागे सोफ्याची उशी लावली. पुरेना, म्हणून दुसरी. आता हात स्टिअरिंगला व्यवस्थित पुरतात. फक्त टेकायला सीटची कड तेवढी उरते. होईल सवय.

चपलांना जाड तळ लावून आणले. चांभार म्हणाला, बाई, एकाच पायाला की दोन्ही? दोन्ही. मग म्हणाला, उंच दिसायला का? मी म्हटलं, आरामासाठी. परत येताना पाय मुरगळला.

रडू येत नाही. बरंच आहे. वेळ वाचतो.

७ मार्च

पेडलांवर लाकडी ठोकळे ठेवून जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधले. कल्पना माझी. मिस्त्रीने वाकून बघितलं आणि कपाळाला हात लावला. म्हणाला, वहिनी, गाडी चालवायचीय की सर्कशीत जायचंय? वयाने मोठा आहे म्हणून सोडून दिलं.

त्याने चोक ओढून स्टार्टर मारला. गाडी खोकली, मग सुरू झाली. तोच आवाज. गल्लीच्या तोंडाशी आला की मी गॅसवर आमटी ठेवायची.

मी आत गेले. भांडी पडली होती. ती घासली. मग घासलेलीच परत घासली.

१५ मार्च, संध्याकाळ

पहिली फेरी. शेडमधून फाटकापर्यंत उत्तम. फाटकाशी ब्रेकवरचा ठोकळा गर्रकन फिरला आणि पाय नुसताच हवेत. गाडी थांबली. म्हणजे खांबाने थांबवली. एक हेडलाइट गेला.

मिस्त्री धावत आला. मला काही लागलं नाही हे बघितलं, मग ओरडला. म्हणाला, आता तरी सीट पुढे घेऊ द्या, नाहीतर मी यायचा नाही. मी म्हटलं, नका येऊ. गेला. चहाही न घेता गेला.

ट्यूबची पट्टी निकृष्ट होती.

१६ मार्च

मुलीला फोन केला. खांबाचं सांगितलं नाही. म्हटलं, सगळं झालंय, तेवढी बसायची अडचण. तुझ्या बाबांचे पाय लांब ना. ती म्हणाली, आई, बाबा कुठे उंच होते? तुझ्यापेक्षा दोन बोटं जास्त. म्हणून तर फोटो काढताना कायम पायरी शोधायचे.

मी म्हटलं, तू लहान होतीस, तुला आठवत नाही. ती म्हणाली, मी तीस वर्षांची होते.

फोन ठेवला. कपाटातून तो शर्ट काढला आणि घालून बघितला. बाह्या बरोबर माझ्या मनगटापर्यंत आल्या.

धुण्यात आटला असेल.

२२ मार्च

कुशनवाला उरलेलं रेक्झिन द्यायला आला. बोलता बोलता विचारलं, सीट बसवताना जागा हलवली नाहीत ना? तो हसला. म्हणाला, मावशी, सीट गाडीतून बाहेर काढल्यावर जागा कसली राहते? मी सगळ्यांच्याच सीटा पार मागे, रुळाच्या शेवटच्या खाचेत बसवतो. पुढच्या बोल्टांपर्यंत हात जातो. नंतर ज्याचा तो पुढे घेतो.

विचारलं, आधी कुठल्या खाचेत होती? म्हणाला, ते कोण बघतं?

रेक्झिन ठेवून घेतलं. कशाला तरी लागेल.

म्हणजे इतके दिवस मी कुशनवाल्याची जागा सांभाळत होते.

२३ मार्च

उशा सोफ्यावर परत ठेवल्या. ठोकळे काढले. दांडी ओढली. सीट सरकन पुढे आली. गंज नाही, काही नाही.

एकेक खाच करून बघितली. प्रत्येक खाचेत कोपर दारावर टेकून, डोळे मिटून बसले. काही जाणवतंय का बघायला. सगळ्या सारख्याच. यातलीच कुठली तरी त्यांची.

शेजारच्या सीटवरून मी रोज त्यांच्याकडे बघत होते. गुडघ्यांकडे बघितलं नाही.

मिस्त्रीला फोन केला. म्हटलं, चहा टाकलाय. म्हणाला, साखर कमी घाला.

३० मार्च

स्टेशनवर गेले. टप उघडा, कारण तो बंद होत नाही. हेडलाइट एकच. वाटेत दोनदा बंद पडली, दोनदा सुरू केली. मुलगी बाहेर आली आणि बॅग हातात धरून उभीच राहिली. मग म्हणाली, जिंकलीस बाई. काकांना मी कळवते.

मला वाटलं होतं, या वेळी काहीतरी वाटेल. उन्हाचा चटका बसत होता, तेवढं कळलं.

तिने विचारलं, घरापर्यंत मी चालवू? मी शेजारी सरकले. ती बसली आणि मी काही म्हणायच्या आत दांडी ओढून सीट मागे घेतली.

संध्याकाळी साबण आणायला मी एकटी निघाले. सीट पुढे ओढली. मग आठवलं, स्टेशनवर जाताना ती कुठल्या खाचेत होती ते मी बघितलंच नव्हतं. दोनदा पुढेमागे केली. पाय पुरले तिथे ठेवली आणि गेले.

साबण नेहमीचा मिळाला नाही. दुसरा आणला.