धर्माजीशेठच्या गिरणीतला कौल

चौल, जानेवारी १९५८

प्रिय कमळ,

तुझं पत्र पोचलं. या खेपेलाही तू तेच विचारलंस, खोली मिळाली का आणि मला कधी नेणार. खोली मिळाली आहे. गिरणीच्या मागे, चांगली ऐसपैस, स्वयंपाकाला वेगळा आडोसा आहे. तरी मी ‘ये’ म्हणून लिहीत नाही, तेव्हा तू रुसली असशील. खुशाल रुस, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. या नोकरीतून सुटायचं कसं, एवढा एकच विचार महिनाभर माझ्या डोक्यात आहे.

या भातगिरणीत सगळं कौलावर चालतं, हे मी तुला मागे चेष्टेनं लिहिलं होतं. इंजिनाचा पाया खणताना एक काळा पाषाण लागला, तो शेठनी देवी म्हणून इंजिनाशेजारीच बसवला. रोज सकाळी तिच्या दोन्ही अंगांना तगरीच्या ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गिरणी चालू करू का म्हणून विचारायचं. उजवी पडली तर इंजिन चालू. डावी पडली तर दाराशी भाताच्या गाड्या ताटकळत असल्या तरी आम्ही हात बांधून बसायचं. पट्टा बदलायचा, कोणाला रजा द्यायची, हमालांना जेवायला कधी सोडायचं, सगळं तिला विचारून. देवाधर्माचं मला वावडं नाही, तुला ठाऊक आहे. आपल्या गावची पालखी मी हौसेनं खांद्यावर घेतो. पण ती वर्षातून एकदा निघते आणि परत देवळात जाते. इथली देवी तेलाच्या डब्यांशेजारी बसून दिवसभर आमच्याकडे बघते. तिला डोळे कोरलेले नाहीत, तरी बघते.

माझ्या आधी इंजिनावर गुणाजीकाका होते. आता त्यांचे हात थरथरतात, काम होत नाही, पण ते गेलेले नाहीत. गोणींच्या थप्पीशी वळकटी बांधून बसलेले असतात. नोकरी सोडायला त्यांनी कौल मागितला होता, तो अजून मिळालेला नाही. मी आत शिरलो की विचारतात, “पडली का रं कळी?” मी नाही म्हटलं की “मंग उद्या पडंल,” म्हणतात आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करतात. आधी मला हसू यायचं. दिवाळीनंतर यायचं बंद झालं. एका सकाळी अंघोळीला बसलो होतो, आणि कोणता सदरा घालावा म्हणून मी घागरीवर दोन पाकळ्या चिकटवून वाट बघत होतो. पाणी पार गार झालं तेव्हा भानावर आलो.

त्याच दिवशी ठरवलं की इथून सुटायचं. शेठना सांगितलं. ते रागावले नाहीत, ते कधीच रागावत नाहीत. “विचारू की,” एवढंच म्हणाले. कळ्या चिकटवायचं काम हल्ली माझ्याकडेच आहे, म्हणून मी थोडी लबाडी केली. डावी चांगली भिजवली आणि उजवी पंच्याला पुसून नुसती टेकवली. तरी उजवी पडली नाही, डावीही नाही. पुढे रोज इंजिन चालू व्हायचं, जमीन हादरायची, आढ्यावरचा कोंडा आमच्या डोक्यावर पडायचा. रोजच्या कौलाच्या कळ्या माझ्या कळीखाली लागायच्या आणि पडायच्या. माझी उजवी कळी वाळून तांबूस झाली तरी जागची हलेना. शेवटी शेठ जेवायला गेलेले बघून मी ती बोटानं पाडायला गेलो. बोट तिच्यापर्यंत नेलं, कमळ, आणि मागे घेतलं. मला कोणी अडवलं नव्हतं. तेव्हा मला फार भीती वाटली, ती देवीची नव्हे, माझीच.

काल शेठनी माझ्या वतीनं वेगळंच विचारलं. दयारामाचं बिऱ्हाड इथे आणू का? शब्द तोंडातून पुरते निघायच्या आत उजवी कळी पडली. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले. गुणाजीकाकांची बायको मनुबाई तिथेच कोंडा झाडत होती. ती केरसुणी टाकून माझ्याजवळ आली. म्हणाली, “तिला हितं आनू नको, बाबा. यांनाबी असंच धाडलं व्हतं, मला आनायला. घरी आले तवा सुटले व्हते की. पन आपल्या पायानं मागं फिरले, मला घेऊन.” एवढं बोलून ती पुन्हा झाडायला लागली.

हे पत्र त्यासाठीच लिहितो आहे. शेठनी मला रजा दिली आहे, पण ती तुला घेऊन येण्यापुरती. शनिवारी मी रेवसहून होडीनं करंजाला उतरेन आणि नारळ नि चोळीचा खण घेऊन तुझ्या माहेरच्या दारात उभा राहीन. आत्ता लिहिताना मी शुद्धीवर आहे आणि मला इथे परत यायचं नाही. शनिवारी मी कसा असेन ते मात्र सांगता येत नाही. मी या जागेचं कौतुक करीन, शेठ किती देवमाणूस ते सांगीन. तू नाही म्हणालीस तर रागावेन, कदाचित रडेनही. माझं ऐकू नकोस. खण हातात घेऊ नकोस. तुझ्या मोरूदादाला त्या दिवशी कामावर जाऊ देऊ नकोस. मला पोटभर जेवायला वाढ, आणि जेवायला बसलो की बाहेरून दाराला कडी घाल. मग मी आतून कितीही गयावया केली, तरी काढू नकोस.

अजून तुझाच,
दयाराम