देझोला गावाचा पाद्री व्हायचंय

कोलोज्वार, ३ मार्च १९९७

ती. इर्माताईस,
सा. न. वि. वि.

जूनमध्ये सेमिनरीतून निवृत्त होतोय. एकतीस वर्षं पोरांना पाद्रीपण शिकवलं, त्यावर पुस्तकं लिहिली, पण एखाद्या चर्चची मंडळी स्वतः कधी सांभाळली नाही. आपल्या केरेकफाल्व्यातली पाद्रीची जागा रिकामी आहे म्हणून अर्ज केलाय; निवड गावाच्या मतांवर. माझ्याविरुद्ध रेका उभी आहे. माझीच विद्यार्थिनी, माझ्या विषयात काठावर पास! पुढच्या आठवड्यात घरभेटींना आणि प्रवचनाला येतो. गावात माझ्याबद्दल चार शब्द बरे बोल. मला हे फार हवं आहे, ताई.

लोभ आहेच, तो मतदानापर्यंत टिकावा.

तुझा देझो

केरेकफाल्वा, १७ मार्च

चि. देझोस,
अनेक आशीर्वाद.

चार शब्दांऐवजी मी तुझं अख्खं पुस्तकच गावात फिरवलं होतं. म्हणून तर तू येण्याआधी घराघरात परीक्षक तयार होते. रुग्णाजवळ बसल्यावर मनात दहा मोजावेत, मगच बोलावं, असं तूच लिहिलंयस ना? आजारी बालिंतकाका पांघरुणाखाली बोटांवर मोजत होते. म्हणाले, साहेब आठलाच सुरू झाले आणि पाऊण तास थांबले नाहीत. वाढलेलं नाकारू नये, हेही सगळ्या बायकांनी वाचलं होतं. दिवसभरात नऊ घरी कोबीचे रोल खाल्लेस. प्रवचनात तुझा चेहरा हिरवा का झाला, ते गावाला ठाऊक आहे.

रेका काल आली. पाद्रीने पत्ते खेळू नयेत म्हणतोस, ती बालिंतकाकांशी तीन डाव खेळली आणि तिन्ही हरली. चौथा वाटताना काका आपल्या गेलेल्या बायकोविषयी बोलायला लागले. सात वर्षांत पहिल्यांदा.

प्रकृतीला जप, विशेषतः पोटाला.

तुझी ताई

कोलोज्वार, २१ मार्च

ती. ताईस,
सा. न.

मी नऊपर्यंत पोचलो होतो! काकांचा हिशेब चुकलाय. चेष्टा पुरे. इथे खोली रिकामी करायला सांगितलंय, पुस्तकं खोक्यांत भरलीत. निवडून आलो नाही तर जून महिन्यानंतर मी कोणाचाच नाही. एकेक मत मोलाचं आहे. तुझं तरी मी धरूनच चाललोय.

देझो

केरेकफाल्वा, ७ एप्रिल

चि. देझोस,
आशीर्वाद.

काल चर्चमध्ये चिठ्ठ्या मोजल्या. रेकाला चौसष्ट, तुला त्रेसष्ट. कोणाच्या एका मताने गेलं, याचा शोध लावत बसू नकोस. ते माझं.

आता शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. तू पाद्री म्हणून बरा झाला असतास, फार बरा नाही. पण खरं कारण ते नव्हे. निवडून आला असतास तर गावाच्या त्या टोकाला पाद्रीच्या घरी राहिला असतास, साऱ्या गावाचा झाला असतास, आणि मला चारचौघांत तुला साहेब म्हणावं लागलं असतं. तुझे दाजी यानोश गेल्यापासून मी या घरात एकटी जेवते. इतकी वर्षं तुला सेमिनरीला उसना दिला होता. आता गावाला देणार नाही. पाद्री कुठूनही मिळेल, भाऊ मला एकच आहे. मागच्या खोलीला तुझ्यासाठी चुन्याचा हात देऊन ठेवलाय.

राग धर, पण अबोला नको.

तुझी ताई

कोलोज्वार, ११ एप्रिल

ती. ताईस,

नमस्कार आज घालत नाही. तीन दिवस मी खोलीतल्या खोलीत येरझाऱ्या घालत तुझ्याशी भांडतोय. शेजारी दोनदा विचारून गेले. असं एकट्याने भांडणं या वयात शोभत नाही. तुझ्यावर रागावायला तू रोज समोर हवीस. जूनची वाट बघवत नाही, सुट्टी टाकलीय. गुरुवारच्या बसने येतोय.

तुझाच,
देझो