बोरिवलीहून आलेली कुंडी

मुलुंड,
माघ महिना, १९७३

ती. ताईस,

मालनचा साष्टांग नमस्कार. भावोजींनाही सांग. आम्ही सगळी ठीक आहोत. तुझ्या गुडघ्याचं काय ते कळव. (तेल लावतेस, की बाटली नुसती फळीवर ठेवलीयस, तेही कळव. मी तुला ओळखते.) कुळथाचं पीठ पोचलं. पिठी यांनी एकट्यांनीच संपवली, पण पोचलं.

नलिनीच्या स्थळाचं काय झालं, एवढे महिने पत्र का नाही, असं तू विचारलंस. ताई, लिहायला बसले की कुंडी मध्ये यायची. आता सगळं पहिल्यापासून सांगते, म्हणजे दोष माझा नाही हे तुझ्या लक्षात येईल. (तुझा आहे असंही मी म्हणत नाही. स्थळ तुम्ही सुचवलंत, एवढंच.)

भावोजींचे मावसभाऊ भाऊराव जेठात मुलगी बघायला आले. सोबत मुलगा, बाळ. वय एकतीस, बँकेत नोकरी, चष्मा. भाऊराव निवृत्त झाल्यापासून बोरिवलीला घरामागे बाग करतात हे तू लिहिलं होतंस, पण त्या बागेने त्यांचं काय केलंय ते लिहिलं नव्हतंस. पोहे झाले, नलिनीने आपल्या ऑफिसचं सांगितलं, आणि मुलीला काही विचारायचं सोडून त्यांनी पिशवीतून एक कुंडी काढली. आत वीतभर रोप. नाव साल्व्हिया, निलगिरीच्या डोंगरातून आणलेलं. पान चुरडलं की अननसाचा वास येतो आणि थंडीत तांबडी फुलं धरतात. हे रोप आम्ही सांभाळायचं, मार्गशीर्षात ते बघायला येणार, आणि मगच पुढचं बोलणं. "जात नाजूक आहे," म्हणाले, "पण वाढीला फार वाईट. गॅलरीच्या कठड्यावर जाता कामा नये. आणि आपल्याला आटोक्यात ठेवलंय, हे रोपाला कळताही कामा नये." हे बोलताना ते नलिनीकडे बघत होते. मी यांच्याकडे बघितलं. हे उरलेल्या पोह्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात रोप आधी आणि माणसं नंतर. हे साकीनाक्याच्या कारखान्यात फोरमन, तेव्हा कामाला लागले ते फूटपट्टी घेऊनच. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या कृष्णाबाई वर आल्या आणि मासे धुतलेलं पाणी घाला, झाड निवतं, असं सांगून गेल्या. यांना वाटलं निवतं म्हणजे वाढ थांबते. ताई, ते पाणी मिळाल्यावर झाड जे वाढत सुटलं ते विचारू नकोस. गॅलरीत पुढून अननसाचा वास आणि मागून बांगड्याचा. मग यांनी पाणी तोडलं, तर पानं अशी लोंबली की शेजारीपाजारी चौकशीला आले. मग मोरीजवळ सावलीत ठेवलं, तर उजेड शोधत त्याने माना लांब केल्या आणि कठडा गाठला. शेवटी सुतळीने बांधलं. माझी पातळं वाळत घालायला घरात धड दोरी नाही, पण झाडाला तीन बाजूंनी तीन. श्रावणातल्या वाऱ्यात एक फांदी काडकन मोडली (तिची काडी खडूसारखी ठिसूळ), तर यांनी तिला फूटपट्टी लावून बँडेज बांधलं आणि त्या दिवशी रजा टाकली. मला हिवताप आला होता तेव्हा हे कामावर गेले होते, याची मी त्यांना आठवण दिली. ते म्हणाले, तू कुठे कुणाला दाखवायची होतीस.

या सगळ्यात नलिनी काय करत होती ते मला उशिरा कळलं. ही रोज सकाळी केस विंचरायला गॅलरीत जायची आणि जाता जाता शेंडे खुडायची. मी पाहिलं तेव्हा धावत जाऊन तिचा हात धरला. "आई, शेंडा खुडला की ते बाजूने फुटतं," म्हणाली. "तुळशीच्या मंजिऱ्या तू काढतेसच ना?" आता तुळस आणि मुलीचं स्थळ एक आहे का, पण बोलणार कोण. अनंत चतुर्दशी झाली आणि तिने खुडणं आपणहून बंद केलं, कारण आता खुडलं तर फुलं यायची नाहीत. तोवर झाड कठड्याखाली चांगलं गोल, गुटगुटीत झालं होतं. यांनी सुतळ्या सोडल्या आणि कारखान्यात सांगितलं की आपण करून दाखवलं.

आता खरी गंमत ऐक. हे घाटकोपरला पेंड आणायला गेले होते. दुकानात एक गृहस्थ मालकाला विचारत होते, अननसाच्या वासाचं नाजूक झाड सुकलं तर काय घालावं. हे त्यांच्याकडे वळले. ते यांच्याकडे वळले. यांनी विचारलं, "बोरिवली?" ते म्हणाले, "तुम्हालापण?" त्यांचं नाव धोंडिराम, मुलीचं माणिक. त्यांच्याकडेही त्याच हाताने दिलेली, त्याच मापाची कुंडी, आणि त्यांनाही तेच सांगितलेलं. दोघांनी समोरच्या हॉटेलात चहा घेतला आणि भाऊरावांना मनसोक्त शिव्या दिल्या. येताना हे त्यांना घरीच घेऊन आले. धोंडिरामांचं रोप मेलं होतं. बिचारे रडकुंडीला आले होते. नलिनीने खुडलेले काही शेंडे पेल्यात पाण्यात ठेवले होते, त्यांना मुळं फुटली होती. तिने त्यातला चांगला बघून त्यांना दिला. मी आत बोलावून म्हटलं, अगं, ते आपले विरुद्ध पार्टीचे. ती म्हणाली, "आई, मी काही निवडणुकीला उभी नाहीये."

मार्गशीर्षात भाऊराव आले, बरोबर बाळ. आमच्या झाडाला फुलं लागली होती, गॅलरी तांबडी झाली होती. भाऊरावांनी उकिडवं बसून बुंधा पाहिला, पानं उलटी करून पाहिली, एक सुकलेलं पान खिशात ठेवलं. मग म्हणाले, ठीक आहे, पण घाटकोपरला एक रोप पाहून आलो, लहान असलं तरी त्याला वळण आहे, त्या मुलीचा हात वेगळाच दिसतो. नलिनी हसली. ती बाळकडे वळून म्हणाली, "तुम्हाला कोणतं आवडलं?" बाळने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "बाळला दोन्ही आवडली. होळीनंतर पुन्हा बघून ठरवू." बाळने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही.

ते गेल्यावर नलिनी शांतपणे कपबशा उचलत म्हणाली, "आई, मला नाही करायचं." मी चिडायची तयारी केली होती, पण मला चिडताच आलं नाही. इतके महिने मी झाडावरून जीव टाकत होते आणि पोरीला एकदाही विचारलं नव्हतं. हे रात्री जेवले नाहीत. म्हणाले, माझी मुलगी काय फूटपट्टीने मोजायची आहे का. (फूटपट्टी कुणी आणली होती हे मी त्यांना तेव्हा विचारलं नाही.)

बाकी सगळं क्षेम. भावोजींना खोकल्यासाठी ज्येष्ठमध पाठवते.

तुझी,
मालन

ता. क. : भाऊराव शिमग्याला गावी येणार आहेत, तेव्हा आमचा नकार त्यांना तू सांग. स्थळ तुमच्याकडून आलं, तेव्हा नकारही तुमच्याकडूनच गेलेला बरा. धोंडिरामांनी तर कुंडी परत पाठवली आणि मोकळे झाले. माणिकनेच तसं करायला सांगितलं म्हणे. भाऊरावांना नलिनीचं कारण काय ते सांगू नकोस. पत्रिकेत काहीतरी निघालं म्हण.

आणखी ता. क. : पत्र टाकायचं राहून गेलं ते बरंच झालं. आज दुपारी बाळ एकटाच आला. दारात उभा राहून म्हणाला, "घाटकोपरचं रोप तुमच्याच झाडाचं आहे ना? बाबांनी तिथे दिलेल्याच्या पानाची कड वेगळी होती, बघून मला कळलं होतं. बाबांना सांगितलं नाही." मग आत येऊन बसला तो दिवे लागेपर्यंत. नलिनीने आपणहून चहा केला. ती आम्हाला कधी करत नाही. दोघं कशावर हसत होती ते कळलं नाही, हे मला दारामागे उभं राहू देईनात. तेव्हा भाऊरावांना नकार सध्या सांगू नकोस. होकारही सांगू नकोस. बाळ घरी सांगून आलाय की चष्मा दुरुस्त करायला मुलुंडला चाललोय, आणि पुढच्या रविवारीही येणार आहे. भाऊरावांनी विषय काढलाच, तर मुलुंडला चष्म्याची कामं चांगली होतात, पण फार वेळ लावतात, असं म्हण.