भैंशाच्या वेशीवर थांबलेली सायकल

गुडीहत्नूर,
पौषातली एक दुपार

रा. रा. सुधाकरराव यांस,

गुडीहत्नूरहून तुमच्या भावजींचा, म्हणजे अमृतरावाचा, शालीत गुंडाळलेला रामराम पोचावा. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुमच्या कमरेचं कसं आहे? जिनिंगवरच्या पोरांना कापसाची गाठ कशी उचलतात ते दाखवायची हौस या वयात बरी नव्हे, पण झालं ते झालं. शेक घेत जा, आणि उठताना आधी कुशीवर वळत जा. बयनाबाईंच्या डोळ्याचा चष्मा आला का? त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि मागच्या वेळचं आंब्याचं लोणचं संपलं हेही सांगा (मागत नाही, नुसतं सांगतो आहे). फोन करता आला असता, पण आमच्या घरी फोनवर बोलणं म्हणजे चावडीवर बोलणं. तुमची अक्का, आमची सोनाबाई, पलीकडच्या खोलीतून उत्तरं देते. म्हणून आपलं पत्र. विशेष काही काम नाही.

तर हकिगत अशी. दिवाळी झाली आणि सोनाबाईचे गुडघे धरले. बसली की उठवत नाही, उठली की बसवत नाही. डॉक्टरांनी सांगितलं की गुडघे हलते ठेवा, नाहीतर आखडतील आणि मग मांडी घालणं कायमचं विसरा. पण आपल्याकडची थंडी तुम्हाला माहीत आहे. सकाळी धुकं तुरीच्या शेतावरून उठून सरळ अंगणात येऊन बसतं, आणि पाहुण्यासारखं दहा वाजेपर्यंत हलत नाही. अशात म्हाताऱ्या माणसानं फिरायला जायचं कुठं? हे सगळं भूषणला हैदराबादेत कळलं, आणि आमच्या त्या गुणी पोरानं घरात बसून चालवायची सायकल पाठवून दिली. पार्सलच्या गाडीनं हायवेवर उतरली, तिथून ऑटोत उभी राहून घरी आली. शेजारचे केशवराव काठी टेकत बघायला आले. चारी बाजूंनी फिरून बघितली आणि मला हळूच विचारलं, ‘चाकं मांगून येनार हायेत काय?’

आता आपल्यात नवीन गाडी पूजा केल्याशिवाय चालवत नाहीत, हे तुम्ही जाणताच. सोनाबाईनं हळदीकुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. अडलं ते लिंबावर. लिंबू ठेवायचं चाकाखाली आणि गाडी पुढं घ्यायची. इथं चाक पोटात आणि गाडी जागेवर. पायडलाखाली ठेवून मी तासभर पाय मारले, लिंबाला ओरखडासुद्धा नाही. शेवटी ते संध्याकाळी वरणात पिळलं. दोष उरायला नको म्हणून मीच दोन वाट्या वरण प्यालो.

पूजा झाली, पण बसायला ती तयार होईना. म्हणाली, साऱ्या जन्मात सायकलीवर बसली नाही, आता नातवंडं झाल्यावर बसू? डॉक्टरांनी फार नेमस्त चालवायला सांगितलं होतं: घाम नको, धाप नको, चालवता चालवता गप्पा मारता आल्या पाहिजेत इतक्याच बेतानं. गप्पांचं ऐकून ती जरा विरघळली, पण बसली नाही. मग म्हटलं, मीच चालवून दाखवतो. रोज सकाळी ती माझ्या हातावर दही ठेवी, मी ‘येतो’ म्हणून सायकलीवर बसे, डोळे मिटी आणि तुमच्या भैंशाची, तिच्या माहेराची, वाट धरी. (डोळे मिटायचं कारण, समोर भिंतीवर कॅलेंडर आहे. कॅलेंडर बघत कुठंही पोचता येत नाही.) ती शेजारी पाटावर पाय लांब करून तुरीच्या शेंगा सोलत बसे. मी कुठं आलो ते सांगत असे आणि ती माझ्या चुका काढत असे. ते चिंचेचं झाड आता नाही, तिथं पेट्रोल पंप झाला. इच्चोड्याला चहा न घेता पुढं कसे गेलात? आणि खरंच उठून, गुडघ्यावर हात दाबत, चहा घेऊन येई. इच्चोड्याच्या चहाला आमच्याच घरच्या आल्याचा वास येतो, हा शोध मला या वयात लागला.

पण सुधाकरराव, मिटल्या डोळ्यांच्या रस्त्यावर झोपेची वस्ती फार दाट. नेरडीगोंड्याच्या अलीकडे सागाच्या सावलीत माझा डोळा लागला, मफलरचं टोक पायडलात गेलं, आणि मी माझ्याच गाडीला गळ्यानं बांधला गेलो. पाय थांबेपर्यंत मफलर आवळतच होता. सोनाबाईनं शेंगांची टोपली बाजूला ठेवली, विळीनं मफलर कापला आणि विचारलं, ‘अपघात कुठीसा झाला?’ मी जागा सांगितली. ती म्हणाली, ‘उतरा. तुमच्या भरवशावर जन्मात भैंशाले पोचत नाई मी.’

असा सायकलीचा ताबा बदलला. तिनं पेटीतून जुनं नऊवारी लुगडं काढलं. कैक वर्षांत नेसली नव्हती, पण कासोटा मारल्यावर सायकलीवर असं काही बसलं की जणू शिवलंच त्यासाठी. पहिल्या दिवशी बसताना मी धरलं. दुसऱ्या दिवशी मला हात लावू दिला नाही.

ती चालवू लागली की घर बदलतं, हे तुम्हाला कसं समजावून सांगू? बाहेर धुकं, आत पायडलाची नुसती मऊ कुजबुज, जसं कोणी दूरवर कापूस पिंजतं आहे. ती डोळे अर्धे मिटते. ओठ हलत असतात. मला हायवे दिसतो, ट्रक दिसतात. तिला तो जुना रस्ता दिसतो, ज्या रस्त्यानं ती नवरी होऊन इकडं आली. तेव्हा ती पदराआडून फक्त पाठीमागे बघत आली होती, त्यामुळे आता उलटं जाताना सगळं तिला समोरून भेटतं. ही विहीर. हा वाकलेला पळस. इथं बैल पाणी प्याले. इथं मी रडली, तुमी बघितलं नाई. (मी बघितलं होतं. पण चालत्या सायकलवाल्याशी वाद घालू नये.) मी खाली स्टुलावर बसतो आणि हळूहळू मलाही ते दिसू लागतं. ओलसर उजेड, दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, आणि मधून सावकाश जाणारी एक म्हातारी जिला कुठलीच घाई नाही. कधी दूधवाला येऊन दारात उभा राहतो आणि आम्हाला कळतच नाही. तो बिचारा आपणच पातेलं शोधून घेतो.

घाटात मात्र आमचं बिनसलं. निर्मळच्या अलीकडचा तो घाट आला तेव्हा मी सायकलीची, पायडल जड करायची, कळ जरा आवळली. चढ आहे तर चढासारखा लागायला हवा. ती म्हणाली, ‘इतका चढ नव्हता बाप्पा तवा.’ मी म्हटलं, तेव्हा तू गाडीत बसली होतीस, बैलांना विचार. दोन दिवस अबोला. उतारावर मी कळ सैल केली तर ती घाबरून पाय मागं ओढायला लागली, कारण या सायकलीला घंटी नाही, आणि समोरून कोणी आलं तर काय करणार? मग मी स्टुलावरून तोंडानं घंटी वाजवत सारा घाट उतरवून दिला. केशवराव भिंतीपलीकडून विचारत होते की बर्फवाला इतक्या थंडीत कसा आला.

आणि एक सांगतो, थट्टा बाजूला. परवाच्या शनिवारी मारुतीच्या देवळाच्या पायऱ्या ती कठडा न धरता चढली. वर जाऊन तिनं मागं वळून बघितलं सुद्धा नाही, मी बघतो आहे की नाही ते. घरी येऊन मांडी घालून जेवली. मी भाकरीचा घास हातात धरून तिची मांडीच बघत राहिलो, तर म्हणाली, ‘काऊन, कधी पायली नाई काय?’

अशी रोज थोडी थोडी चालत ती तुमच्या गावाशी आली. वेशीबाहेर जिनिंगसमोर कापसाचे ढीग लागलेले असतात ना, तिथवर. मला म्हणाली, वास आला. आणि पाय थांबवून खाली उतरली. मी म्हटलं, काय झालं, दम लागला? तर म्हणे, ‘भावानं नेल्याबिगर मी माहेरात पाय ठेवत नाई. या साली कोन आलं न्याया?’ मी म्हटलं, बाई, ही आपली समोरची खोली आहे. त्यावर ती म्हणाली, ‘मंग इतके दिवस मी काय खोटंच चालून राह्यली होती?’

याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा. मागं फिरायला सांगितलं तर म्हणते, माहेरच्या दारातून माघारी आली असं होईल. मी एकटा पुढं जाऊन निरोप देतो म्हटलं तर म्हणते, न बोलावता जावई येतो काय कुठं. तेव्हापासून सायकल तशीच उभी आहे. रोज सकाळी ती फडक्यानं पुसते आणि शेंगा सोलायला बसते. काल उठताना पुन्हा गुडघ्यावर हात दाबला. मी पाहिलं. मी पाहिलं हे तिनंही पाहिलं.

बाकी सर्व क्षेम. वांगी यंदा बरी आली आहेत. लहानांना आशीर्वाद, मोठे आता आपणच उरलो, तेव्हा नमस्कार एकमेकांतच वाटून घेऊ.

तुमचा,
अमृतराव

ता. क. विशेष काम नाही असं वर लिहिलं, ते पत्राच्या रीतीप्रमाणे. काम आहे. असल्या कमरेनं तुम्ही गाडीत बसून येऊ नका, ते मला चालणार नाही. एवढंच करा: उद्या-परवा सकाळी, ती चहा पिऊन बसलेली असते तेव्हा, फोन लावा आणि म्हणा, ‘अक्का, मी वेशीपाशी उभा हाय, चाल.’ पुढचं काही बोलू नका. हसू आलं तर बयनाबाईंना बाहेर पाठवा आणि तुम्ही गिळून टाका. शक्य असेल तर खरंच उठून वेशीकडच्या खिडकीशी उभे रहा. तिला आवाजावरून कळतं, माणूस बसून बोलतो की उभं राहून. तिचे गुडघे आखडले तर मला या घरात चहा इच्चोड्याचा कोण देईल?

ता. क. दुसरा. वरचं काही करू नका. हे पत्र डिंक वाळायला खिडकीत ठेवलं होतं, ते तिनं उघडून बोट ठेवत ठेवत पुरतं वाचलं. रागावली नाही. म्हणाली, मागून आणलेलं बोलावणं माहेरी चालत नाही, आणि त्याला लिहा, कंबर जप. आज पहाटे मला पायडलाचा आवाज आला. उठून बघतो तो तिनं एकटीनं सायकलचं तोंड ओढून पूर्वेच्या खिडकीकडे फिरवलेलं, लुगड्याचा कासोटा मारलेला आणि स्वारी चाललेली. विचारलं, कुठं? (जाणाऱ्याला असं विचारू नये, पण तोंडून गेलं.) म्हणाली, ‘बेज्जूरच्या पल्याड प्राणहिता पाह्याची हाय. नदीले काय बोलावनं लागते?’ तिनं ती नदी कधी पाहिलेली नाही, मीही नाही, त्यामुळे या वाटेवर माझ्या चुका काढता येणार नाहीत. मी स्टूल तिच्या मागं सरकवून घेतलं आहे.

तेव्हा फोन खुशाल करा, कमरेचं सांगा, लोणच्याचंही बघा. फक्त सकाळी करू नका. सकाळी आम्ही घरी नसतो.