जिना पाडलेल्या वाचनालयातून

धाड, ९ जून २०२५

चिरंजीव वैजनाथ यास स्नेहलता आत्याचा आशीर्वाद (तूर्त या पत्रापुरताच).

काल, रविवार, ८ जून रोजी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, मी वर असताना माझी शिडी पळवण्यात आली. तुझा रक्तदाब आणि सूनबाई रेवतीचा गुडघा बरा असेल. माझी तब्येत पहिल्या मजल्यावर आहे.

तू कॉलेजचा अध्यक्ष, म्हणून तुलाच विचारते. जिना आग्नेयेला चालत नाही म्हणून तुझ्या वास्तुतज्ज्ञाने उद्घाटनाच्या आठवडाभर आधी तो पाडायला लावला, आणि नवा कुठे हे न सांगताच तो दुसऱ्या गावच्या शाळेचे दार फिरवायला निघून गेला. वाचनालय मात्र वरच राहिले. मी निवृत्त ग्रंथपाल, या वयात शिडीने चढून पुस्तके लावत होते, कारण परीक्षेच्या मुलींना शांत बसायला गावात दुसरी जागा नाही. तेवढ्यात इंद्रभान शिपायाने स्वागताच्या कमानीसाठी शिडी नेली.

खाली मांडव, बँड, पाहुणे. मी गॅलरीतून हाका मारल्या. (कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ओरडायला शिकवलेच नाही, त्यामुळे "एक्सक्यूज मी" एवढेच म्हणत राहिले.) पाहुण्यांनी वर पाहून हात जोडले, तू टाळ्या वाजवल्यास, फोटोग्राफरने फोटो घेतला. शेवटी इंद्रभान दबक्या आवाजात म्हणाला, "मॅडम, काऊन हात हालवून राह्यल्या? खाली या, पाहुण्यायले हार घाला." शिडी आण म्हटले, तर म्हणतो, "कमान तिच्यावरच उभी हाये. काढली त पाहुण्यायच्या डोक्यावर पडते."

पाहुण्यांची भाषणे लांबली. माझे जेवण बादलीने वर आले (मठ्ठा वाटेतच संपला). तुझ्या भाषणात 'सर्वांसाठी खुले ज्ञानमंदिर' हे शब्द आले तेव्हा मी पुरी खात होते, म्हणून काही बोलले नाही.

जिना कुठे आणि कधी होणार, याचे सहीनिशी लेखी उत्तर शुक्रवार, १३ जून, दुपारी चारच्या आत बादलीत पडले पाहिजे.

तुझी आत्या,
स्नेहलता

ता. क. शिडी काल संध्याकाळीच परत आली. मी उतरलेली नाही. नैऋत्येची खोली प्रमुखाची असते, असेही तुझा तज्ज्ञ सांगून गेल्याचे इंद्रभानने मला सांगितले. नैऋत्येला माझे वाचनालय आहे.

पुन्हा ता. क. आत्ताच टेम्पोतून तुझ्या अध्यक्षीय दालनाचा सोफा उतरला. वरून मी त्याचा अंदाज घेतला आहे. जिना कुठल्याही दिशेला बांध, मात्र एवढा अरुंद ठेव की पुस्तक घेतलेली मुलगी चढेल आणि सोफा चढणार नाही.