सात वाजताची टाकी

१२ जानेवारी
आतापर्यंत स्वतःच्या हातानं काय काय केलं, त्याची यादी पंकजला पाठवली. इथेही उतरवून ठेवतो. कूलर: मोजले नाहीत, पण आमच्या नंदनवन वस्तीत कुठल्याही गल्लीत उभा राहिलो तर माझा एक तरी दिसतोच. धान्याच्या कोठ्या. देवळाचं सरकतं दार. हुडकेश्वरच्या मंगल कार्यालयाचा गोल जिना. वरातीचा रथ (दोनदा उलटला, दोष घोडीचा). स्टीलचा पोळपाट, सौ.साठी. ती अजून लाकडीच वापरते.
दहावीनं मला सोडलं, त्यानंतरचं हे सगळं. कुणी शिकवलं नाही.
पंकज म्हणजे ताईचा मुलगा, टेक्सासला इंजिनियर. दोघा मित्रांबरोबर त्यानं शिकारीची जमीन घेतली आहे. तिकडे परवाना काढून हरणाची शिकार करता येते. हरणांना मका टाकणारी टाकी हवी, दहा वर्षं टिकेल अशी. बाजारात तीन पाहिल्या, कोणती घेऊ म्हणून विचारतो.
इंजिनियर विचारतो. कुणाला? मला.

१४ जानेवारी
तिळगूळ खाता खाता फोटो पाहिले. पहिली प्लास्टिकची, बाद. तिकडे डोळ्यांवर काळी पट्टी बांधल्यासारखं एक जनावर असतं, दरोडेखोर दिसतं आणि कामही तेच करतं म्हणे. कुरतडून टाकेल. दुसरी पत्र्याची, देखणी. पण तळाचा जोड आतून. पाणी तिथंच बसणार. कूलर तिथंच सडतो, मी जन्मभर तेच पाहिलं.
तिसरी मात्र. फोटो मोठा करून करून पाहिला. खालचं नरसाळं एकाच पत्र्यातून वळवलेलं, घडी बाहेरून, उतरती. थेंबाला थांबायला जागाच नाही. पाय तीन, म्हणजे जमीन कशीही असो, डुगडुगणार नाही. झाकणाला पागोळीची कड, पाणी बाहेरच गळेल. ज्यानं केली त्याला इथून हात जोडले. नाव नाही, गाव नाही, पण माणूस आपल्या जातीचा, पत्र्याच्या.
तिसरी घे, सांगितलं. ती फार महाग पडते म्हणाला. मग त्यानंच विचारलं, "मामा, अशी तुम्ही बनवून पाहाल का?"

१९ जानेवारी
नरसाळ्याचा उतार तिसऱ्यांदा बदलला. मका अडकतो. आत कमान धरून बसतो, वरून ठोकलं की पडतो. हरीण काय ठोकणार आहे? उतार वाढवला. आता गहूसुद्धा सुटेल.
खाली फिरती थाळी. मोटारीच्या वायपरची मोटर भंगारातून आणली, स्कूटरची बॅटरी, वेळेचं बटण. ठरल्या वेळी थाळी फिरते, मका चहूकडे उडतो, मोटर बंद. बस. इतकं साधं आहे की ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा आलं त्याच्या डोक्याचा हेवा वाटतो.
पत्रा वाकवायला माझ्याकडे अँगल अन् लाकडी हातोडा. बेंडिंग मशीन असतं तर ही घडी एका दाबात बसली असती. असो. हातानं बसवली. नख लावून पाहिलं, कुठं अडकत नाही.

२२ जानेवारी
टाकी तयार. पावसाची परीक्षा: दिवसभर नळी धरली, आत टिपूस नाही. वर स्वतः चढून उभा राहिलो. सौ. खालून म्हणाली, "उतरा आता. टाकी राहीन, तुम्ही नाही राहणार."
चालवून पाहायची तर हरणं आणायची कुठून? गच्चीवर नेली. वेळ लावली सकाळी ७.

२९ जानेवारी
आठवडा झाला, एक दिवस खाडा नाही. पहिल्या दिवशी मोटर फिरली तशी गल्लीतली सगळी पाखरं उडून गेली. दुसऱ्या दिवशी चार पारवे. आता पारवे, होले, साळुंक्या, दोन खारी.
मजा अशी की ते सातच्या आधीच येऊन बसतात. कठड्यावर रांगेनं, राशनच्या दुकानासमोर बसावं तसे. ऊन अजून आलेलं नसतं, पिसं फुगवून बसतात. कुणी सांगितलं यांना? मी चहा घेऊन पायरीवर बसतो. मोटर फिरण्याच्या जरा आधी एक म्हातारा पारवा खाली उतरतो, बाकीचे त्याच्याकडे पाहतात. त्याची वेळ माझ्या बटणापेक्षा पक्की आहे.
इतकं सुंदर काही मी केलं नव्हतं. पत्र्याबद्दल म्हणत नाही.

३ फेब्रुवारी
शेजारच्या बोबडेबाईंनी कठड्यावरून हाक मारली. त्यांच्या मुगवड्या वाळत होत्या. "भाऊ, तुमचे पाहुणे नाश्ता तुमच्याकडे करतात अन् जेवाले माझ्याकडे येतात." रागावल्या नव्हत्या, पण बरोबर होत्या. संध्याकाळी त्यांना जाळीचं झाकण करून दिलं. बिजागरीचं. त्या म्हणाल्या, बिजागरी कशाला? मी म्हणालो, मग माझ्याकडून कशाला?

६ फेब्रुवारी
पंकजचा फोन. व्हिडिओ मित्रांना दाखवला, त्यांनी आजूबाजूच्या जमिनीवाल्यांना. सगळ्यांना हवी. चाळीस. जाणंयेणं, जहाज, कागदपत्रं सगळं तो पाहणार. प्रत्येक टाकीवर माझ्या नावाचा ठसा, त्याला हरकत नाही.
चाळीस! कूलरचं काम दर उन्हाळ्यात कमी होतं आहे, लोक तयार प्लास्टिकचे घेतात. मागच्या उन्हाळ्यात दुकानात मी अर्धा वेळ पेपर वाचला. हे काम आलं तर बेंडिंग मशीन येईल. जागाही मोजून ठेवली, दाराच्या उजवीकडे. सौ.ला दाखवली. म्हणाली, "अन् माझी शिलाई मशीन काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"
रात्री दोघंही हसत होतो.

१० फेब्रुवारी
आज एक होला गेला.
आपल्याच गल्लीतला भुरा बोका, सौ. ज्याला दूध घालते तो. कूलरच्या स्टँडमागे आधीपासून बसलेला होता, मला दिसला नाही. मोटर फिरली, पाखरं उतरली, माना खाली. एक झेप. बाकीचे उडाले अन् जरा वेळानं परत आले, मका खाऊ लागले.
बोक्याला दाद दिली पाहिजे. सौ. म्हणते, चार दिवसांपासून तो सकाळी दुधाला येत नव्हता, गच्चीवर जाऊन बसत होता. नुसता बसायचा. काही करायचा नाही. वेळ शिकत होता.

११ फेब्रुवारी
बोका आजही होता. मी हाकललं. पाखरं त्याला पाहूनही आली. सात वाजले होते ना.
दिवसभर एकच डोक्यात. संध्याकाळी पंकजला फोन केला, त्याची सकाळ. विचारलं, शिकारी बसतात कुठं? मी इतके दिवस समजत होतो की टाकी जनावरं जगावी म्हणून, अन् शिकार दुसरीकडे, रानात, मागे मागे फिरून. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच धरून चाललो होतो.
तो सहज बोलला, लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं. "मामा, टाकीसमोर एक खोपटं राहते. त्यात माणूस बसते. मोटर फिरली का हरणं येतात. म्हणून तर वेळ पक्की पाहिजे. बाकी काही कमीजास्त असलं तरी चालते."
"अन् वर्षभर?"
"वर्षभर तर नुसतं खाऊन राहतात. सीझन थोडाच असते. आमची हरणं पाहा तुम्ही, कशी तब्येत आहे."
फोटो पाठवले. रात्रीचे, आपोआप निघालेले. खरंच तब्येत आहे. एक मादी सरळ कॅमेऱ्याकडे पाहते आहे, कान उभे, नाक ओलं. इतकं नीटस जनावर मी जवळून कधी पाहिलं नव्हतं.
माझ्या कामाला आजवर लोकांनी उशिराचा दोष दिला. वेळेवर असण्याचा दोष पहिल्यांदाच, अन् तोही मीच देतो आहे.

१३ फेब्रुवारी
सौ.शी बोललो. ती सरळ बोलते. "रविवारी सावजीचं मटन चालते तुम्हाले. मग हरणापाशीच काहून अडलं?"
 बोकडही विश्वासानंच येतो, दावं धरलेल्याच्या मागे. मग फरक काय? फरक आहे असं वाटतं, मांडता येत नाही. मटन खाल्लं, रस्सा जमला होता.
पंकज वाईट मुलगा नाही, हेही लिहून ठेवतो. ताई आजारी होती तेव्हा दोनदा विमानानं आला.

१५ फेब्रुवारी
तोड काढली. बटणात बदल केला: वेळ रोज वेगळी. कधी साडेसहा, कधी आठ, कधी भरदुपारी, कशी येईल तशी. मलाही आधी कळत नाही. आज बोका सात वाजता येऊन बसला, ऊन अंगावर घेतलं, कंटाळून गेला. मका नंतर पडला. पाखरं मिळतील तशी आली, पांगून, माना वर करून करून खात होती. रांग नव्हती. म्हातारा पारवा आलाच नाही.
काम चोख झालं, पण पायरीवरून पाहायला पहिल्यासारखं नाही. चहा दोनदा गार झाला.

१६ फेब्रुवारी
पंकजला नवीन बटण दाखवलं. त्यानं नीट पाहिलं, वायर कशी नेली तेही विचारलं. इंजिनियर आहे, काम कळतं त्याला. मग हसला. "एक नंबर आहे मामा. पण मग माणूस कधी बसन?"
मी म्हणालो, तेच तर.
 मग तो म्हणाला, पक्क्या वेळेचीच द्या, बाकी तुम्ही म्हणाल तसं. नाहीतर नुसतं ड्रॉइंग पाठवा, तिकडे कुणाकडून करून घेतो. मी नाही केलं तरी कुणीतरी करणार, हे मलाही कळतं. अन् आतून जोड देऊन करणार, हेही कळतं. बोलता बोलता समोरचं ड्रॉइंग गुंडाळून ठेवलं. तो म्हणाला, घाई नाही, विचार करा.

१७ फेब्रुवारी
टाकी आज बंद ठेवली. सात वाजता पायरीवर बसलो. सौ.ही येऊन बसली, कधी नाही ती. कठड्यावर सहा-सात पारवे, त्यात तो म्हातारा. स्टँडमागे बोका. पारवे टाकीकडे पाहत होते, बोका पारव्यांकडे, मी बटणाकडे.
सौ. म्हणाली, "आता यांचं काय करता?"
माहीत नाही. ड्रॉइंग टेबलावर आहे, गुंडाळलेलं. दाराच्या उजवीकडची जागा रिकामी आहे, तिनं तिथून हलवलेली शिलाई मशीन अजून परत ठेवलेली नाही.
पंकजला सकाळीच कळवलं. चाळीस नग, त्यानं दिलेला दर साडेअकरा हजार, एकूण चार लाख साठ हजार. सगळ्याला नाही म्हटलं.