मागाच्या खड्ड्यात साहेब

शहापूर, ता. ३ फेब्रुवारी १९३८

छाती अजून धडधडतेय. संध्याकाळी रहाटावर विणायच्या सुताच्या कांड्या भरत बसले होते, तर दत्तू भावजींनी धोतराच्या सोग्यातून जिवंत ससा काढून थेट माझ्या मांडीवर ठेवला. पांढराशुभ्र, डोळे गुंजेसारखे लाल! मी अशी किंचाळले की रहाट आडवा, सूत सगळं गुंतलं. भावजी कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर माळीकाम करतात. साहेबाची बदली झाली, मडमेनं जाताना ससे वाटून टाकले. हा आमच्या वाट्याचा.

आत्याबाईंना, माझ्या सासूबाईंना, वाटलं रश्शासाठी आणलाय. लगेच पाटा धुवायला निघाल्या.

"आये, पाळायचा हाय ह्यो," भावजी म्हणाले.

"सशाला पाळत्यात?" सासूबाईंचा आ मिटेना. खरं तर माझाही मिटला नव्हता. पण ससा मी परत दिला नाही. नाव साहेब ठेवलं.

५ फेब्रु.

चावला! भाकरी थापत होते, मागून येऊन टाचेला दात. रक्त नाही, पण जीव गेला. वर पायांभोवती गोल गोल पळाला, हवेत उडी मारली, आणि पुन्हा टाचेला दात. मी दचकले नि हातातली भाकरी चुलीत पडली. ससा म्हणजे गरीब जनावर, असं आम्ही शाळेत शिकलो. माझ्या माहेरच्या, खानापूरच्या मास्तरांनी ससा कधी बघितला होता की नाही देव जाणे.

७ फेब्रु.

आज आत्याबाईंना चावला. आकाशपाताळ एक केलं त्यांनी. शेजारची पारूबाई धावत आली, म्हणाली पिसाळलेला असणार. परातीत पाणी घेतलं आणि आत्याबाईंना वाकून बघायला लावलं. विष भिनलं असेल तर पाण्यात चावलेलं जनावर दिसतं म्हणे. गल्लीतल्या बायका श्वास रोखून उभ्या.

"दिसतोय का ससा?"

"न्हाय गं. माझंच थोबाड दिसतंय. त्यापरास ससा बरा."

मला हसू आवरेना, म्हणून परसात पळाले. पण नंतर आत्याबाईंनी सगळ्यांसमोर बजावलं, "मागावरल्या ताण्याचा एक धागा जरी तोडला न्हवं, त्याच दिशी रस्सा." बोलतील ते करतील. मागावर निपाणीच्या तंबाखूवाल्यांच्या घरच्या लग्नाची साडी आहे. आमच्या यांनी, विणायला सूत देणाऱ्या शेटजींना, वेळेवर देण्याचा शब्द दिलाय, आणि यांचा शब्द म्हणजे… असो. जेवताना दोन शब्द बोलतील तर शपथ, पण दिलेला शब्द कधी फिरवला नाही.

१२ फेब्रु.

साहेबाचं चावणं मला थोडं थोडं कळायला लागलंय. सगळं चावणं एक नाही.

झाडू मारताना वाटेत आला तर झाडूला चावतो. म्हणजे बाजूला हो. मांडीवर बसून पुढच्या दोन पायांनी लुगडं खसाखसा उकरतो, मग हळूच चिमटा. म्हणजे कपाळ खाजव. भोवती गोल पळून टाचेला दात लावला की खेळायला बोलावतोय. जोरात "ई!" केलं की लगेच थांबतो आणि मान खाली घालून बसतो, लबाड!

भावजी म्हणाले, मडमेला पण असाच चावायचा, ती हसायची. मडम हसते ते ठीक आहे, तिच्या घरी आत्याबाई नव्हत्या.

१८ फेब्रु.

उकरणं. हे अजून बाकी होतं! अंगणात तुळशीच्या बुंध्याशी हा भलामोठा खड्डा. आत्याबाईंनी डोक्याला हात लावला. मग जोंधळ्याचं पोतं. मग आत्याबाईंचं अंथरूण, त्यात काय उकरायचं होतं कुणास ठाऊक. शेवटी फुटक्या घंगाळात ओली माती भरून दिली, वर गोणपाटाच्या चिंध्या. दिवसभर त्यातच रमला. मग बाहेरची माती उकरली नाही, की घरातली वस्तू.

आता गल्लीभर मी सांगत फिरते. मारायचं नाही, ई करायचं, उकरायला माती द्यायची. हे मागावरून म्हणाले, "सशाची मास्तरीण झालीस गं." चार दिवसांत यांचं हे पहिलं वाक्य.

१ मार्च

साहेब मागाच्या खड्ड्यात उतरतो. हे खड्ड्यात पाय सोडून पायाखालच्या पट्ट्या, पावड्या, दाबत असतात, खाली हा कोपरा उकरत असतो. यांच्या पायांवर माती पडते, अंगठ्याला दात लागतात.

"अगं, ह्येला न्हे की!"

"खेळतोय तो. खेळू द्या." मी कांडी भरता भरता मोठ्या खात्रीनं म्हणाले. यांनी आडव्या सुताचा धोटा फेकणं चालू ठेवलं. साडीचा पदर तेवढा उरलाय.

३ मार्च

लिहिताना बोट दुखतंय, चिंधी बांधलीय. साहेबाला कोथिंबिरीची काडी द्यायला गेले तर अंगावर आला आणि खरा चावला. रक्त! मी ई केलं, थांबला नाही. पुन्हा धावून आला. हा खेळ नव्हे. मग बघते तर स्वतःच्या छातीचे केस तोंडानं उपटतोय, मूठ मूठ. तोंडात वाळकं गवत, मिशीसारखं दोन्हीकडून बाहेर आलेलं.

पारूबाई म्हणाली करणी. मी, मास्तरीण, काय बोलणार! खरूज, वेड, की त्या दिवशीची परात खोटी ठरली, काही कळेना.

४ मार्च

सकाळी हे मागावर बसले आणि ओरडले. हे ओरडले! लग्न होऊन सहा वर्षं झाली, हा आवाज मी ऐकलेला नाही. पाय खाली सोडला तर पावडीखाली काहीतरी गरम, मऊ, हलणारं. भावजींनी रॉकेलची चिमणी खाली धरली. कोपऱ्यात उकरलेल्या बिळात पांढऱ्या केसांचा गोळा धपापत होता. केस जरा बाजूला झाले. आत गुलाबी, बिनकेसाची, मिटल्या डोळ्यांची, बोटाएवढी पिल्लं, एकमेकांवर वळवळणारी.

"अगं बया! साहेब बाळंत झाला!" आत्याबाई मटकन खाली बसल्या.

गल्ली हसून हसून लोळली. मीही हसले. मग यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू गेलं. पावडी दाबली की ती थेट बिळावर, पिल्लांवर टेकते.

५ मार्च

माग बंद. घर इतकं गप्प की कानाला सोसवेना.

पिल्लं उचलून हलवावी म्हटलं तर आत्याबाई आणि पारूबाई दोघी ओरडल्या, माणसाचा हात लागला की आई खाऊन टाकते. खरं का खोटं? भावजींना ठाऊक नाही, मडम तर गेली. मला बोटभर चावण्याचं ज्ञान, त्यावर इतकी मिरवले, आणि नेमकं हवं तेव्हा काही येत नाही. शरम वाटते.

शेटजींचा माणूस येऊन गेला. "नऊ तारखंला साडी न्हेतो. नसंल तर पुढला ताणा दुसऱ्या घरात." म्हणजे माग रिकामा, पावसाळ्यापर्यंत तरी.

मीच यांना म्हणाले, "बसा मागावर. जनावरं आहेत ती." म्हणताना तोंड कडू झालं.

"माझ्या पायानं?" एवढंच बोलले. खड्ड्याच्या काठावर पाय दुमडून बसून राहिले.

६ मार्च

आज जे झालं ते कुणाला सांगून पटायचं नाही.

सकाळी यांनी पावड्या सोडून टाकल्या. पावड्यांचं काम हातानं व्हावं म्हणून वरच्या दांडीला दोन दोऱ्या बांधल्या, खड्ड्यावर फळी टाकली, तिच्यावर मांडी घालून बसले आणि मला म्हणाले, "ये. तू ओढ."

मी? आमच्या घरात बाईनं कांडी भरायची, मागाला हात लावायचा नाही. आत्याबाई दारातच थिजल्या. "सून मागावर? लोक काय म्हणतील रं?"

"साडी येळंला दिली म्हणतील."

मी दोऱ्या धरल्या. "डावी." ओढली. धोटा गेला. "उजवी." ओढली. पहिल्या घटकेत खांदे भरून आले, ताल तर मुळीच जमेना. यांचा आवाज मात्र चढला नाही. डावी, उजवी. सहा वर्षांत एवढं बोलले नसतील ते आज बोलले, तेही दोनच शब्द!

दुपारी साहेब (आता काय म्हणायचं तिला?) आली आणि माझ्या टाचेला दात लावला. मी दचकून भलतीच दोरी ओढली. ताण्याचा धागा तटकन तुटला. आत्याबाई उठल्या, पुढे आल्या, खाली बसून धागा सांधला आणि परत जाऊन कांड्या भरायला लागल्या. रश्शाचं नाव नाही.

८ मार्च

साडी उतरली. हात उचलत नाही, पेनही जड झालंय. पिल्लं जिवंत आहेत. पहाटे त्यांची आई खड्ड्यात जाऊन येते, तेवढंच, मग दिवसभर तिकडे फिरकत नाही. हे असंच असतं का, की टाकली तिनं? मला माहीत नाही, आणि आता मी माहीत असल्याचा आव आणणार नाही.

साडी अंगणात उन्हात धरली. पदराच्या सुरुवातीला आडवी रेघ. तिच्याआधी वीण आरशासारखी सपाट, तिच्यापुढे कुठे घट्ट, कुठे सैल. आंधळ्यालाही दिसेल. शेटजी ती बोट लावून शोधणार आणि साडी यांच्या तोंडावर फेकणार. निपाणीला नवरी मुलगी वाट बघतेय. मला रडू फुटलं.

यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. "हितपातुर माझं पाय," म्हणाले, "हितनं म्होरं तू."

मी डोळे पुसून घडी घालायला घेतली. अशी घातली की रेघ बरोबर आत गेली, वरून काही दिसेना. आत्याबाईही म्हणाल्या, बरं केलंस. हे आले, घडी मोडली, आणि रेघ वर येईल अशी पुन्हा घातली.

उद्या सकाळी शेटजींचा माणूस येणार आहे.